वाशिमपासून सगळ्यात लांब

वाशिम जिल्ह्यात विमानतळ नाही. अकोल्याजवळच्या शिवणीची धावपट्टी वाशिम शहरापासून ६५ किलोमीटरवर आहे, पण तिथून रोजची प्रवासी विमानं उडत नाहीत. नांदेड १०५ किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर १८०, नागपूर २२८, मुंबई ४६०. ही अंतरं हवेतून सरळ मोजलेली. रस्त्यानं प्रत्येकात भर पडते. जवळचा विमानतळ कोणता, ही चौकशी इथल्या घरांत सतत चालू असते. कोणी आखातात कामाला निघालेलं असतं, कोणाची लेक कॅलिफोर्नियात बाळंत होणार असते आणि आई पहिल्यांदाच पासपोर्ट घेऊन निघालेली असते. उलटी चौकशी मात्र कोणी करत नाही. वाशिमपासून जगातला सगळ्यात लांबचा विमानतळ कोणता?

मातावेरी. दक्षिण पॅसिफिकमधल्या रापा नुई बेटावरचा. हे बेट जगाला ईस्टर आयलंड या नावानं आणि दगडाच्या प्रचंड मोआई पुतळ्यांमुळे माहीत आहे. वाशिम ते मातावेरी सरळ अंतर १८,९८६ किलोमीटर. पृथ्वी गोल धरून केलेला हा हिशेब आहे; ती ध्रुवांपाशी जरा चपटी असल्यामुळे पन्नासेक किलोमीटर इकडेतिकडे होतील, पण पहिला नंबर बदलत नाही.

हा आकडा किती मोठा, हे कळायला त्याच्या वरची मर्यादा आधी पाहावी लागते. पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटरांच्या थोडा वर आहे, म्हणून जमिनीवरच्या कोणत्याही दोन ठिकाणांत सुमारे २०,०१५ किलोमीटरांहून जास्त अंतर असूच शकत नाही. त्यापुढे गेलात की परतीची वाट सुरू होते. वाशिम २०.११ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७७.१३ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे त्याचं नेमकं उलटं टोक २०.११ अंश दक्षिण, १०२.८७ अंश पश्चिम. जमीन खणत गेलं की अमेरिका लागते, असं लहानपणी कोणीतरी आपल्याला सांगितलेलं असतं. वाशिमात खणलं तर पाणी लागेल, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या या मुलखाला ते उपयोगाचंही नाही, कारण ते खारं आहे. त्या टोकाला चहूकडे समुद्र आहे. साडेसातशे किलोमीटरवर सालास इ गोमेझ नावाचा निर्मनुष्य खडक आणि १,०३० किलोमीटरवर रापा नुई. माणसं राहतात आणि विमान उतरतं, अशी त्या टोकाच्या सगळ्यात जवळची जागा हीच.

बेट आहे १६४ चौरस किलोमीटरचं. वाशिम जिल्ह्यात अशी तीस बेटं मावतील. २०११च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती; रापा नुईवर आठ हजारांच्या आत माणसं आहेत. धावपट्टी मात्र ३,३१८ मीटरची, नागपूरच्या धावपट्टीहून लांब. बेटाच्या नैऋत्य कोपऱ्यात ती एका किनाऱ्यापासून जवळजवळ दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाते. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या नासानं ती वाढवली. कॅलिफोर्नियातून ध्रुवीय कक्षेत जाणाऱ्या स्पेस शटलमध्ये बिघाड झाला तर उतरायला काहीतरी हवं, आणि त्या वाटेवरच्या अथांग पाण्यात हाताशी एवढंच बेट होतं. शटल तिथं कधीच उतरलं नाही. धावपट्टी उरली, आणि ती आता पर्यटकांच्या मोठ्या विमानांना कामी येते.

आता वाशिमची बाजू, कारण या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग तिथं आहे. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचं वैभव ज्याच्या काळात घडलं तो हरिषेण याच शाखेचा. पण वाशिमचं नाव राजांच्या यादीबाहेर आणखी एका यादीत आहे. भास्कराचार्यानं ११८३ साली रचलेल्या ‘करणकुतूहल’ या ग्रंथात भूमध्यरेखेवरची ठिकाणं दिली आहेत. भूमध्यरेखा म्हणजे भारतीय ज्योतिषाची शून्य रेखांशाची रेषा, जी आज ग्रीनिचमधून जाते तशी. दक्षिणेला लंका, उत्तरेला मेरू, आणि मधल्या गावांत उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांच्याबरोबर वत्सगुल्म. वाशिम शहरात मध्यमेश्वराचं देऊळ आहे आणि ती रेषा इथून जात होती, अशी परंपरा तिथं सांगितली जाते. ग्रीनिचला जगाचा शून्य मिळाला तो १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत. त्याआधी सातशे वर्षं विदर्भातलं एक गाव शून्यावर बसलेलं होतं.

रेषा कशासाठी लागायची? पंचांगासाठी. ग्रहांची गणितं त्या रेषेवरच्या वेळेप्रमाणे केलेली असत. रेषेच्या पूर्वेला असलेल्या गावात सूर्य आधी उगवतो, पश्चिमेला असलेल्या गावात नंतर. म्हणून प्रत्येक ज्योतिष्याला आपलं गाव रेषेपासून किती योजनं पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे ते काढून ग्रहाच्या जागेत दुरुस्ती करावी लागे. तिला देशांतर संस्कार म्हणत. ते अंतर काढायचा मार्गही सुंदर होता. चंद्रग्रहण सगळीकडे एकाच क्षणी दिसतं. रेषेवर ते केव्हा दिसायला हवं ते गणितानं येतं, आपल्या गावी केव्हा दिसलं ते घटिकापात्रानं मोजता येतं. दोन वेळांतला फरक म्हणजेच रेखांशातलं अंतर. आज विमानाच्या वेळापत्रकात दोन शहरांची घड्याळं जुळवतात त्याच्या मुळाशी हाच विचार आहे.

भास्कराचार्यानं पृथ्वीचा घेर ४,९६७ योजनं धरला होता. त्याचा अर्धा केला तर २,४८३ योजनं आणि वर अर्धं. त्याच्या हिशेबानं वत्सगुल्माहून जगातलं कोणतंही ठिकाण याहून लांब असणं अशक्य होतं. म्हणजे आपल्या प्रश्नाच्या उत्तराची वरची हद्द या रेषेवर बसून आठशे वर्षांपूर्वीच सांगता आली असती.

रेषा तंतोतंत सरळ मात्र नव्हती. उज्जैन ७५.७७ अंश पूर्वेला आहे आणि वाशिम ७७.१३. दोघं एकाच रेषेवर म्हणवली जात असली तरी त्यांच्यात १.३६ अंशांचा फरक आहे. वाशिमच्या अक्षांशावर त्याचे १४२ किलोमीटर होतात आणि सूर्याच्या वेळेत साडेपाच मिनिटांना थोडी कमी. जेट विमानाला हे अंतर साडेनऊ मिनिटांचं. एवढी चूक झाली तर पंचांगाचं काय बिघडतं, हेही काढून पाहिलं. चंद्र दिवसाला साधारण ७९० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकतो, तर या फरकात तो तीन कला सरकेल. आकाशात दिसणाऱ्या चंद्रबिंबाच्या रुंदीचा जेमतेम दहावा भाग. घटिकापात्र आणि उघडे डोळे एवढ्याच साधनांवर काम करणाऱ्याला यासाठी दोष द्यायला माझं मन धजत नाही.

मेरू म्हणजे उत्तर ध्रुव. रेषा तिथं संपत नाही. पलीकडच्या बाजूनं खाली उतरते. सिद्धांतग्रंथांत विषुववृत्तावर नव्वद नव्वद अंशांवर चार नगरं कल्पिली आहेत: लंका, तिच्या पूर्वेला यमकोटी, पश्चिमेला रोमक, आणि लंकेच्या नेमकं विरुद्ध सिद्धपूर. लंकेत सूर्योदय होतो तेव्हा यमकोटीत दुपार, सिद्धपुरात सूर्यास्त आणि रोमकात मध्यरात्र. सिद्धपूर नकाशात शोधायला गेलं तर ते सुमारे १०४ अंश पश्चिम रेखांशावर, पॅसिफिकच्या मध्यात येतं. तिथं नगर नाही, खडकही नाही. पण त्या रेखांशापासून पाचेक अंश पश्चिमेला आणि पुष्कळ दक्षिणेला मातावेरीची धावपट्टी आहे. आपल्या पूर्वजांना रापा नुई माहीत होतं, असा अर्थ यातून कोणी काढू नये. कल्पिलेलं नगर ते कल्पिलेलंच. मात्र वाशिमची रेषा ध्रुवावरून पलीकडे वळवली की कॅनडा, कोलोरॅडो, टेक्सास, मेक्सिको करत ती ज्या रिकाम्या पाण्यात शिरते, त्याच पाण्याच्या शेजारी आपला विमानतळ आहे, एवढं खरं.

वाशिमहून मातावेरीला तोंड कुठं करायचं? पश्चिमेला, असं बहुतेक जण म्हणतील, कारण नकाशात दक्षिण अमेरिका डावीकडे असते. सगळ्यात जवळची वाट आग्नेयेकडे निघते. निजामाबादजवळून, गुंटूरवरून ती बंगालच्या उपसागरात शिरते, सुमात्राच्या पश्चिमेला विषुववृत्त ओलांडते, पश्चिम ऑस्ट्रेलियाचा कोपरा कापते, टास्मानिया आणि न्यूझीलंड या दोघांच्याही दक्षिणेकडून जाते, ५३ अंश दक्षिणेच्या पुढे पोचते आणि तिथून वर वळून रापा नुईला येते. ऑस्ट्रेलिया सोडल्यावर उरलेल्या वाटेत जवळजवळ सगळं पाणीच. भिंतीवरच्या सपाट नकाशानं आपल्या दिशा पार बिघडवून ठेवल्या आहेत. कॅलिफोर्नियाचंच घ्या. वाशिमहून सॅन फ्रान्सिस्को १३,२८० किलोमीटर, आणि ते पूर्वेलाही नाही, पश्चिमेलाही नाही. उत्तरेला आहे, जरासं ईशान्येकडे झुकलेलं. वाट ७३ अंश उत्तरेपर्यंत, आर्क्टिक महासागराला लागून जाते. लेकीच्या घराकडे तोंड करून हात जोडायचे असतील तर आईनं हिमालयाकडे बघावं.

तर १८,९८६ किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटरच्या वेगानं एकवीस तास आणि सहा मिनिटं. ऐकायला फार वाटत नाही. नागपूर ते हावडा रेल्वेनं याच्या आसपासच वेळ लागतो. अडचण अशी की इतक्या लांबचं प्रवासी विमान जगात कुठंही चालत नाही. आजचं नियमित चालणारं सगळ्यात लांब उड्डाण सिंगापूर ते न्यूयॉर्क, १५,३०० किलोमीटरांच्या थोडं वर, साडेअठरा तासांच्या आसपास. सिडनी ते लंडन हे १७ हजार किलोमीटरचं उड्डाण क्वांटासनं हाती घेतलं आहे. तेसुद्धा आपल्या अंतराहून दोन हजार किलोमीटरनं कमी पडतं.

कमी पडण्याचं कारण इंधन. सिंगापूर–न्यूयॉर्क करणाऱ्या एअरबस ए३५०-९००च्या लांब पल्ल्याच्या आवृत्तीच्या टाक्यांत १,६५,००० लिटर मावतं. तालुक्याच्या पेट्रोल पंपावर बारा हजार लिटरचा टँकर येतो, तसे जवळजवळ चौदा टँकर एका विमानाच्या पोटात. टाक्या भरल्या तर एकट्या इंधनाचं वजन १३० टनांच्या वर जातं, आणि विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन आहे २८० टन. म्हणजे अर्धं विमान इंधनच. गंमत अशी की शेवटच्या तासाला लागणारं इंधन आधीचे अठरा तास वाहून न्यावं लागतं, आणि ते वाहण्यासाठी पुन्हा इंधन जळतं. अंतर दुप्पट झालं की इंधन दुपटीहून जास्त वाढतं. म्हणून त्या विमानात माणसं कमी बसवतात: १६१ आसनं, आणि त्यांत साध्या वर्गाचं एकही नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये बोइंग ७७७-२००एलआर विमान हाँगकाँगहून पूर्वेकडून, पॅसिफिक आणि अटलांटिक दोन्ही ओलांडत लंडनला गेलं होतं. २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटं. वाशिम–मातावेरीला पुरून उरेल एवढा पल्ला. पण त्यात पस्तीसच माणसं होती आणि तो विक्रमासाठी केलेला प्रवास होता. पस्तीस माणसांवर चालायला विमान म्हणजे काही वडाप नव्हे.

त्यामुळे टप्पे पाडत जायचं. एक वाट अशी: नागपूरहून दोहा २,८४० किलोमीटर, दोह्याहून ब्राझीलमधलं साव पावलो ११,८६०, तिथून चिलीची राजधानी सांतियागो २,६१०, आणि सांतियागोहून मातावेरी ३,७५०. बेरीज २१,०६०. सरळ वाट आग्नेयेची आणि आपण निघालो पश्चिमेला, जवळजवळ उलट्या दिशेनं, तरी हिशेबात फक्त २,१०० किलोमीटर वाढले. शेकडा अकरा. एरवी असं वळण घेतलं तर काय होतं पाहा: नागपूरहून मुंबई ६८० किलोमीटर, आणि दिल्लीमार्गे गेलात तर दोन हजारांच्या आसपास. तिप्पट.

हा गोलाचा गुण आहे. नेमक्या उलट्या टोकाला जायचं असेल तर कोणत्याही दिशेनं निघा, अंतर तेच, २०,०१५ किलोमीटर. उत्तरेला ध्रुवावरून जा, दक्षिणेला जा, पूर्वेला किंवा पश्चिमेला. सगळ्या वाटा सारख्याच लांब. मातावेरी नेमकं टोक नाही, हजार किलोमीटर अलीकडे आहे, म्हणून थोडाफार फरक पडतो, पण थोडाफारच. अकोल्याला जाताना चुकीच्या रस्त्याला लागलात तर तोटा होतो; जगाच्या टोकाला जाताना चुकीचा रस्ता असा नसतोच. निवड फक्त बदलांची असते, म्हणजे कुठं उतरायचं, कुठं थांबायचं आणि किती वेळ. पूर्वेकडून जायचं म्हटलं तर सिडनीहून सांतियागोला विमान जातं, पण ते बेटाच्या खूप दक्षिणेकडून पुढं निघून जातं आणि मग तुम्हाला ३,७५० किलोमीटर मागं यावं लागतं. सांतियागो चुकत नाही.

वेळेचा हिशेब लावू. दोह्यापर्यंत साडेचार तास, साव पावलोपर्यंत पंधराच्या आसपास, पुढं सव्वाचार आणि शेवटी साडेपाच. हवेतला काळ २९ तास. त्याआधी वाशिमहून मालेगावला किंवा शेलूबाजारला येऊन समृद्धी महामार्ग धरायचा. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचे ९७ किलोमीटर वाशिम जिल्ह्यातून जातात आणि मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, तरी घरातून निघून नागपूरच्या विमानतळाच्या दारात पोचायला चार तास धरलेले बरे. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी हजर राहायचं. झाले सात. विमानाची चाकं सुटण्याआधीच सहा हजार किलोमीटर उडता येईल एवढा काळ जमिनीवर गेला, आणि तोवर आपण २२८ किलोमीटर आलो आहोत. मधल्या तीन थांब्यांचे तास मिळवले तर घरापासून बेटापर्यंत दोन दिवसांत पोचणारा नशीबवानच म्हणायचा. सरळ अंतराला ४८ तासांनी भागा: ताशी ३९५ किलोमीटर. नऊशेच्या विमानात बसून आपण साडेतीनशे-चारशेनंच पुढं सरकतो. बाकीचा वेग रांगा, सुरक्षा तपासणी आणि झोप न येणाऱ्या खुर्च्या खातात.

अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं की बदलांमध्ये, हे विमानाच्या धंद्यात फार लवकर कळलं होतं, आणि ते कळलेलं ठिकाण आपल्याच विदर्भात आहे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री चार डकोटा विमानं उडत आणि मध्यरात्रीच्या सुमाराला सगळी नागपुरात उतरत. तिथं टपालाच्या पिशव्या आणि प्रवासी एका विमानातून दुसऱ्यात जात, आणि पहाटेच्या आत चारही विमानं आपापल्या गावी परत. नागपूरहून मुंबई ६८० किलोमीटर, दिल्ली ८५५, मद्रास ९१०, कलकत्ता ९८५. चारही अंतरं एकमेकांच्या जवळपास असल्यामुळेच हे जमलं. चार शहरांची एकमेकांत जोडणी करायची तर सहा मार्ग लागतात. मध्ये एक नागपूर ठेवलं की चारात भागतं. सध्या दोहा आणि दुबई जे काम मोठ्या प्रमाणावर करतात, ते नागपूर रोज रात्री करत होतं. ही सेवा १९७०च्या दशकात बंद झाली. मध्य त्याच जागी राहिला, विमानं मात्र लांब पल्ल्याची झाली आणि मध्यरात्री कोणाला खाली उतरण्याची गरज उरली नाही. नागपूरच्या मिहान या विमानतळ-मालवाहतूक प्रकल्पाच्या चर्चा होतात तेव्हा हा जुना हिशेब कोणी काढत नाही, याचं मला नवल वाटतं.

दुसऱ्या वेगांनी हेच अंतर कापून पाहिलं तर आकडे भरकटतात. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीला वाशिम जिल्ह्यातून पायी पंढरपूरला जाते आणि वाटेत महिन्याहून अधिक दिवस असते. दिवसाला २५ किलोमीटर चाललं, आणि समुद्र नाहीच असं धरलं, तर मातावेरीला दोन वर्षं आणि वर एक महिना. कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर–यवतमाळ शकुंतला रेल्वे आठवते? शेवटच्या काळात ती ताशी वीसच्या आसपास चाले. न थांबता निघाली तर चाळीस दिवस. समृद्धीवरच्या मोटारीच्या वेगानं साडेसहा दिवस. काचेच्या तंतूतून फोनमधला आवाज जवळजवळ दोन लाख किलोमीटर प्रतिसेकंद वेगानं जातो. वाशिमहून रापा नुईपर्यंत असा सरळ तंतू असता तर त्याला सेकंदाचा दहावा भाग लागला असता.

आणि ओट्यावर नुसतं बसून राहिलं तर? पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेव्हा वाशिम ताशी १,५७० किलोमीटरच्या वेगानं पूर्वेकडे जात असतं, जेट विमानाच्या पावणेदोन पट. दिवसभरात ३७,६०० किलोमीटर, मातावेरीला जाऊन यायला लागतं जवळजवळ तेवढंच, आणि तिकीट नाही. सूर्याभोवतीच्या फेरीत पृथ्वीचा वेग ताशी १,०७,००० किलोमीटर. १९ हजार किलोमीटर आपण सगळे दहा-अकरा मिनिटांत मागं टाकतो, चहा उकळेपर्यंत.

याहून संथ प्रवासही चालू आहे. वाशिमच्या काळ्या मातीखालचा बेसॉल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो वर आला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आज हिंदी महासागरात रीयुनियन बेट आहे त्या भागात. तिथून वाशिम सुमारे पाच हजार किलोमीटर आलं आहे, जमिनीसकट, विहिरींसकट. आजचा वेग वर्षाला पाचेक सेंटिमीटर. ऐंशी वर्षं जगलेला माणूस आयुष्यभर गाव न सोडताही चार मीटर ईशान्येला सरकून जातो. रापा नुईही ज्वालामुखीचंच. तेसुद्धा स्वस्थ नाही: त्याच्या पश्चिमेला समुद्रतळ फाटतो आहे आणि त्या फटीच्या दोन्ही कडा वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या आसपास एकमेकांपासून दूर जातात. पृथ्वीवर याहून झपाट्यानं जमीन कुठं फाकत नाही. वाशिम–मातावेरीचा आकडा म्हणून दरवर्षी किंचित बदलत असतो, पण विमान कंपन्यांना त्याची काळजी करायला बराच अवकाश आहे.

घड्याळाचा गोंधळ अजून शिल्लक आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. वाशिम त्याच्या पश्चिमेला, म्हणून इथं सूर्य माथ्यावर येतो तो सरासरीनं बारा वाजून साडेएकवीस मिनिटांनी. वाशिम आणि रापा नुई यांच्या सूर्यांत १२ तास २६ मिनिटांचं अंतर आहे. घड्याळांत ते त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा तासांचं, उन्हाळ्यात साडेदहाचं. सिद्धपुरात सूर्यास्त तेव्हा लंकेत सूर्योदय, हे गणित सिद्धपुराच्या शेजाऱ्याला चांगलंच लागू पडतं: मध्यमेश्वराच्या देवळात सकाळची पूजा चालू असते तेव्हा मातावेरीत संध्याकाळ उतरत असते, आदल्या दिवशीची.

एवढ्या लांबच्या नात्यात परतफेड असावी, असं कोणालाही वाटेल. आपल्यापासून सगळ्यात लांब ते, तर त्यांच्यापासून सगळ्यात लांब आपण. गोलावर तसं होत नाही. मातावेरीचं उलटं टोक २७.१७ अंश उत्तर, ७०.५८ अंश पूर्व, म्हणजे राजस्थानच्या वाळवंटात येतं, आणि तिथून जैसलमेरचा विमानतळ फक्त चाळीसेक किलोमीटरवर आहे. मातावेरी ते जैसलमेर १९,९७३ किलोमीटर. जगातल्या दोन विमानतळांमधल्या सर्वांत लांब जोड्यांत हिची गणना होईल. रापा नुईवरच्या माणसाला जगातलं सगळ्यात दूरचं विमान पकडायचं असेल तर तो जैसलमेरचं तिकीट काढेल. वाशिम त्याच्या मानानं जवळजवळ हजार किलोमीटर अलीकडेच पडतं, आणि विमानतळ नसल्यामुळे त्याच्या यादीत येतही नाही.